नऊ नंबरची गळती

बस तिसऱ्या सिग्नलला अडकली, नानांनी खिडकीच्या दांडीवर उजवा हात टेकवला आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं झालं. पहिल्यांदा वाटलं, डबा राहिला. डबा मांडीवरच होता. मग वाटलं, चष्मा. तो नाकावर होता, आणि चष्म्यातूनच ते चष्मा शोधत होते हे शेजारच्या बाईंच्या लक्षात आलं असावं, कारण त्या तोंड फिरवून हसल्या. किल्ली, छत्री, पास, सगळं जागच्या जागी. तरी दांडीवर टेकलेल्या मनगटाकडून काहीतरी कुरकूर वर येत होती. नाना त्या मनगटाकडे बघत राहिले. बाही कोरडी होती. एकतीस वर्षं, दर सोमवारी आणि दर गुरुवारी, नाना या परतीच्या बसमध्ये ओल्या बाहीने चढत आले होते. उन्हाळ्यात ती बाही चौथ्या सिग्नलपर्यंत वाळायची, थंडीत घरापर्यंत ओलीच राहायची आणि बायको दार उघडता उघडता म्हणायची, "आलं का तुमचं तळं बरोबर?" आज सोमवार होता, दुपारचा दीड वाजला होता, आणि बाही आत्ताच इस्त्रीखालून निघाल्यासारखी करकरीत होती.

आता ओल्या बाहीचं कौतुक कुणाला असतं? पण नानांचं सगळं आयुष्यच ओलाव्यावर उभं होतं. शहराच्या वरच्या अंगाला नदीवर जुनं धरण होतं, इतकं जुनं की ते बांधणाऱ्यांची नातवंडंही आता काठी टेकत चालत होती. लोक रविवारी भिंतीवर फिरायला जायचे, फोटो काढायचे, भिंतीला पाठ टेकून शेंगा खायचे. भिंतीला पोट असतं हे त्यांच्या गावीही नसायचं. एका लोखंडी दारातून आत गेलं, एकशे अठ्ठावीस पायऱ्या उतरल्या, की भिंतीच्या पोटात एक बोगदा लागायचा, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यावं एवढाच रुंद. त्याला सगळे गॅलरी म्हणत. गॅलरीच्या तळाशी ओळीने बत्तीस नळ्या होत्या, खालच्या खडकात खोलवर गेलेल्या, आणि त्यांतून पाणी गळायचं. कुठे थेंब, कुठे करंगळीएवढी धार. शहाण्या माणसांना वाटतं, गळती म्हणजे वाईट. नाना सांगायचे, "अहो, ती गळती आम्हीच ठेवलीय. तळ्याचं पाणी भिंतीखाली शिरणारच, त्याचा स्वभावच तो. त्याला बाहेर पडायला दार ठेवलं तर ते निमूट निघून जातं. दार बंद केलं तर ते खालून भिंतीला ढुशा देतं. पातेल्यावरचं झाकण कसं उडतं, तसं." मापाचं भांडं आणि घड्याळ घेऊन या बत्तीस नळ्या मोजायच्या आणि वहीत लिहायच्या, ही नानांची नोकरी. ऑफिसात त्यांना गळतीनाना म्हणत. नऊ नंबरच्या नळीचं तोंड वाकडं होतं. तिच्याखाली भांडं धरलं की ती तिरकी उडायची आणि बरोबर उजवी बाही भिजवायची. एकतीस वर्षांत तिचा नेम चुकला नव्हता.

मग आज काय झालं? नानांनी डोळे मिटले आणि गॅलरी पुन्हा चालायला सुरुवात केली. गॅलरीत चालताना त्यांचा डावा खांदा नेहमी थोडा वर असायचा, कारण डाव्या बाजूला, चार हात भिंतीपलीकडे, अख्खं तळं टेकून उभं असायचं, आणि इतक्या मोठ्या गोष्टीला आपण पाठ दाखवत नाही हे तिला कळावं असं त्यांना उगीचच वाटायचं. ती सवय इतकी जडली होती की घरातल्या खोलीतून स्वयंपाकघरात जातानाही खांदा वर असायचा, आणि बायको म्हणायची, "आपल्या भिंतीपलीकडे शेजारी राहतात हो." सात नंबर झाला, मिनिटाला तीन लिटर. आठ झाला. मागून पंपवाला येत होता. गॅलरीत साठलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप त्याच्याकडे होता, आणि त्याला सगळे हुंकारी म्हणत, कारण जगातल्या कुठल्याही गोष्टीवर तो फक्त "हं" म्हणायचा. गोष्ट सांगणाऱ्याला असा माणूस म्हणजे लॉटरी. नाना त्याला तळ्यातल्या म्हाताऱ्या माशाची गोष्ट सांगत होते, बसएवढ्या लांबीच्या, जो पाठ खाजली की धरणाच्या भिंतीला येऊन घासायचा. "आणि तो घासायला लागला ना, की वर ऑफिसात चहाचे कप बशीत नाचायचे. मोठे साहेब एकदा कपामागे टेबलभर धावले." "हं." "शेवटी मीच खाली आलो, भिंतीवर तीन थापा मारल्या आणि म्हटलं, बाबा रे, डावीकडे घास, तिकडचा दगड खरखरीत आहे." "हं." आणि याच वेळी नानांचा हात नऊ नंबरखाली भांडं धरून होता, डोळे घड्याळावर होते, आणि बोटांनी वहीत काहीतरी लिहिलं होतं. काय लिहिलं होतं? मासा स्पष्ट आठवत होता, त्याच्या पाठीवरचं शेवाळसुद्धा. आकडा आठवायला चौथा सिग्नल आला. अडीच. गुरुवारी अकरा होता.

नाना उठले. "थांबवा, उतरायचंय!"

"काका, इथे स्टॉप नाही," कंडक्टर म्हणाला.

"मलाही स्टॉप नकोय. मला मागे जायचंय."

"वय झालं की सगळ्यांनाच वाटतं तसं," कंडक्टर म्हणाला आणि घंटी मारली. बस हसली. नानांनाही एरवी हसू आलं असतं, उलट दोन टोले दिले असते. पण ते डबा काखेत मारून केव्हाच दाराशी पोचले होते.

एकशे अठ्ठावीस पायऱ्या दिवसातून दोनदा उतरणं सत्तावन्नाव्या वर्षी शहाणपणाचं नव्हतं, पण नाना उतरले. नऊ नंबरसमोर उकिडवे बसले, तोंडातून शब्द काढला नाही, आणि पुन्हा मोजलं. अडीच. पुन्हा. अडीचला दोन थेंब कमी. नळीच्या तोंडाशी हात धरला. पाणी आपलं सरळ, सभ्यपणे, खाली गळत होतं. उडण्याएवढा जोरच उरला नव्हता. आजूबाजूच्या एकतीस नळ्या नेहमीसारख्या टिपटिपत होत्या, गॅलरीतला पिवळा दिवा नेहमीसारखा गुणगुणत होता, आणि नानांना वाटलं, घरात सगळे बोलत असताना एकच माणूस गप्प बसला की जसं होतं, तसं हे आहे. तो का गप्प आहे हे फक्त आपल्याला माहीत असतं, आणि आपण ताटाकडे बघत राहतो.

वर ऑफिसात मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. धरणाच्या मुख्य इंजिनिअर, येऊन आठ महिने झाले होते, वय नानांच्या मुलीहून दहाएक वर्षांनी जास्त. नानांच्या गोष्टींना त्या मोकळेपणी हसत, आणि हसून झाल्यावर चष्मा पुसून विचारत, "आता खरं काय ते सांगा." टेबलावर हवामान खात्याचा कागद होता. तीन दिवसांत वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस. तळं काठोकाठ भरायला आठ फूट कमी. आत्ताच दरवाजे उघडून जागा करून ठेवायची, की येणारा पूर अडवून तळं भरून घ्यायचं, हे पाच वाजेपर्यंत वरच्या कचेरीला कळवायचं होतं. आता पाणी सोडावं आणि पाऊस पडूच नये, तर उन्हाळ्यात अख्खं शहर रिकाम्या बादल्या घेऊन मॅडमच्या दारात. म्हणून त्यांनी तळं भरायचं ठरवलं होतं, सहीपुरतं उरलं होतं.

"मॅडम, नऊ नंबर आटला."

"अरे वा! मग पार्टी कधी?"

"मॅडम, अकराचा अडीच झाला. चार दिवसांत."

मॅडम हसायच्या थांबल्या, पण घाबरल्या नाहीत. त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या वेटोळ्याने बांधलेलं एक जाड पुस्तक काढलं. "नाना, मी आले त्या पहिल्याच आठवड्यात हे पाठ केलंय. तुमच्या लाडक्या नऊ नंबरवर छत्तीस पानं आहेत. बघा. बावीस वर्षांपूर्वी ती अठरा लिटरची होती. महिनाभरात, किती सुरेख, रोज थोडी थोडी कमी होत अकरावर आली. तज्ज्ञांनी लिहिलंय, तळातला गाळ खडकाच्या भेगांत बसतोय, भेगा आपोआप बुजतायत, हे सुचिन्ह आहे. पुढेही ही नळी कमी होत जाईल, काळजीचं कारण नाही. धरण आपली जखम आपण भरून काढतंय, नाना. या वेळी जरा घाई केली त्याने, एवढंच."

"शेजारचा दाबाचा काटा..."

"तो काटा माझ्या जन्मापासून अडकलेला आहे, तुम्हीच सांगितलंत. माशाने शेपूट मारलं म्हणून." त्यांनी मायेने पुस्तक मिटलं. "चहा घ्या. पायऱ्या दोनदा उतरलात."

नाना चहा घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर तोच आलेख काचेत लावला होता, मोठा करून, पाहुण्यांना दाखवायला. निळी रेघ वरून खाली येत होती, घसरगुंडीसारखी, गुळगुळीत. नाना एकतीस वर्षं थापा मारत आले होते आणि त्यांची ख्याती होती, नदीच्या दोन्ही काठांवर. पण त्यांची सगळ्यात यशस्वी थाप ही होती, काचेतली, आणि ती त्यांनी कधी कुणाला सांगितलीच नव्हती. दोन तज्ज्ञ लांबून आले होते, त्यांनी त्या थापेवर छत्तीस पानं लिहिली होती. माशाला एक पानही मिळालं नव्हतं. नानांच्या मनात हा विनोद उमटला आणि त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता चहा नाकात गेला. ठसका लागला. ठसका थांबेपर्यंत ते दवाखान्यात पोचले होते.

बावीस वर्षांपूर्वीचा दवाखाना. हिरव्या रंगाचा लांब बाक, समोर दार, दारावर गोल काच, काचेत कुणाचंही तोंड नाही. बायको आत. पहाटे गेलेली, दुपार झाली, दुसरी पहाट झाली. डॉक्टरीण बाहेर यायची, "थांबा," म्हणायची आणि आत जायची. थांबा हा शब्द इतका लांब असतो हे नानांना तोवर माहीत नव्हतं. जाता येईना आणि बसवेना. पिशवीत मापाची वही होती, कारण वही कायम पिशवीत असायची. त्या वर्षी पावसाळ्यात रोज मोजायचा आणि रोज लिहायचा हुकूम होता. एकदा आत बोलावलं, बायकोच्या हाताला सलाईन लावलेलं होतं, आणि नाना तिच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून सलाईनचे थेंब मोजत बसले, मिनिटाला किती, कारण चेहऱ्याकडे बघवत नव्हतं आणि थेंब तेवढे कळत होते. ती डोळे न उघडता म्हणाली, "किती आले?" ते म्हणाले, "चाळीस." ती म्हणाली, "ठीक आहे ना मग." बाहेर येऊन त्यांनी वही उघडली आणि बत्तीस नळ्यांचे आकडे लिहिले, कालचेच. नऊ नंबर, अठरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली, लालभडक, मूठ आवळलेली, आणि नानांनी एका हाताने तिची मूठ सोडवत दुसऱ्या हाताने लिहिलं, अठरा. मोजलं नाही हे मोठ्या साहेबांना सांगायची लाज वाटली. एवढंच. त्यात कुणाचं काय बुडत होतं? आकडा रोज तोच तर यायचा.

चौथ्या दिवशी नाना हवेत तरंगत गॅलरीत उतरले आणि नऊ नंबर अकरावर होती. त्या तीन दिवसांत कधीतरी, कुठल्या दिवशी, कुठल्या तासाला, देव जाणे, ती एकदम सात लिटरने खाली आली होती. हे लिहायचं म्हणजे साहेब विचारणार, कधी झालं? मग नानांनी काय केलं, तर पायरीला उतरण बांधली. त्या दिवशी साडेसतरा लिहिले. दोन दिवसांनी सतरा. मग सोळा. महिनाभर ते रोज अकरा मोजत आणि रोज त्याहून जास्त लिहीत, दर दिवशी किंचित कमी, इतक्या नाजूक हाताने की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारं पाणी आपलं हळूहळू दमत चाललंय. आणि ज्या दिवशी लिहिलेला अकरा आणि मोजलेला अकरा एकमेकांना भेटले, त्या दिवशी नानांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढे काही झालं नाही. मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, बापाच्या गोष्टींवर "खोटं, खोटं!" म्हणून टाळ्या पिटायला लागली. झाकली मूठ तशीच राहिली. फक्त दोन तज्ज्ञ आले आणि त्यांनी त्या उतरणीवर धरणाच्या तब्येतीचं निदान केलं.

खरं तर दोन-तीन दिवसांत खाली आलेली नळी म्हणजे भेग बुजणं नव्हे. गाळ इतक्या लवकर बसत नाही. इतक्या लवकर बसतो तो बोळा. नळीतच काहीतरी तुटून अडकलं असणार, आणि मागचं पाणी कमी झालं नसणार, कोंडलं असणार. बावीस वर्षं अर्धं कोंडलेलं, आणि आता जवळजवळ पूर्ण. आणि त्याच्यावर आणखी आठ फूट पाणी चढवायचं. सही पाच वाजता. काचेतल्या आलेखाच्या वर घड्याळ होतं, चार वाजून दहा मिनिटं. नानांनी विचार केला, सांगितलं तर निवृत्तीच्या आधल्या वर्षी तोंड काळं. बरं, कोण विश्वास ठेवणार? कालपर्यंत बसएवढा मासा सांगणारा माणूस आज म्हणणार, ऐका हो, माझी वही खोटी आहे. आपल्या हातांनी आपल्या एकुलत्या एक खऱ्या गोष्टीवर थुंकायचं. लोक म्हणत, नाना तोंडाचा थापाड्या, पण वहीचा पक्का. त्या दुसऱ्या अर्ध्यावर तर पहिलं अर्धं एवढी वर्षं उड्या मारत होतं! बाकावर त्यांच्या शेजारी केव्हातरी हुंकारी येऊन बसला होता, रुमालाने हात पुसत.

"हुंकाऱ्या, एक गोष्ट सांगू?"

"हं."

"नको. तू नुसता हं म्हणशील," नाना म्हणाले, उठले, आणि दार न वाजवता आत गेले.

त्यांनी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, आणि एरवी पाण्यासारखी वाहणारी त्यांची जीभ ठेचा खात होती. कुठे दोन वाक्यांच्या मध्ये थांबत होते, कुठे मागचं सांगायचं राहिलं म्हणून परत जात होते. मध्येच त्यांनी सलाईनचे थेंब सांगितले, त्याचा काही संबंध नव्हता. शेवट कसा करायचा हे त्यांना कळलं नाही, म्हणून ते नुसते थांबले. मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. मग त्यांनी विचारलं, "अकरा होती तेव्हा तुम्ही पहिल्या दिवशी किती लिहिलेत?"

"साडेसतरा."

"अठराच का नाही?"

"कुठूनतरी सुरुवात करायला हवी होती."

"आणि एवढी वर्षं कुणालाच नाही सांगितलंत? बायकोलाही?"

"तिला वाटतं, तिसऱ्या दिवशी मी मुलीचं नाव लिहीत होतो."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. तळं उन्हात चकाकत होतं, कसलीच गडबड नसल्यासारखं. "नाना," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आठ महिन्यांत मी तुमच्या चाळीस तरी गोष्टी ऐकल्या. पूर, मगर, विजेचा खांब, मासा. एकाही गोष्टीत तुम्ही कधी घाबरला नव्हतात." त्या वळल्या. "तुमच्या बाकीच्या गोष्टींमध्ये तुम्ही शूर असता, म्हणून त्या खोट्या. बसा. तुमचे पाय थरथरतायत."

"तो पायऱ्यांचा..."

"बसा म्हटलं ना. तुमच्यावर काय चिडायचं ते मी पुढच्या आठवड्यात चिडेन, सवडीने आणि भरपूर. आधी पाणी."

मग ऑफिसची चालच बदलली. मॅडम फोनवर होत्या आणि वरच्या कचेरीतला कुणीतरी इतका ओरडत होता की शब्द टेबलावर सांडत होते. "हो सर, रिपोर्ट चुकीचा आहे. नाही सर, तज्ज्ञ बरोबर होते, आकडे चुकीचे होते. हो सर, लेखी देते. पाऊस नाही पडला तर बादल्या घेऊन माझ्याच दारात पाठवा." त्यांनी फोन ठेवला, पाण्याचा ग्लास एका दमात प्यायला, आणि भोंगा वाजवायला सांगितलं. खालच्या वस्त्यांना फोन गेले, नदीकाठची गुरं, मोटारी, धुणी वर घ्यायला लोक पळाले, तासाभराने पुन्हा भोंगा झाला, आणि मगच पहिला दरवाजा वर सरकला. नानांचा फोन वाजला. बायको.

"अहो, भोंगा वाजतोय. नदीला पाणी सोडलंय म्हणे. तुम्ही कुठे अडकलात?"

"इथेच. मीच सोडायला लावलं."

"हो, आणि मी पंतप्रधान. काही खाल्लंत का?"

"अगं, खरंच."

"थापा घरी आल्यावर मारा. पोरगी आलीय, वाट बघतेय," ती म्हणाली, आणि नाना फोन हातात धरून आनंदाने हसत बसले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बुधवारी सकाळी ड्रिलवाले आले, चौघे, पिवळ्या टोप्या घातलेले, आणि एवढं यंत्र गॅलरीत कसं शिरणार यावर तासभर वाद घालून ते त्यांनी तुकड्यातुकड्यांनी शिरवलं. तळं तोवर सात फूट खाली गेलं होतं. नऊ नंबरशेजारी आधी एक बारीक भोक पाडलं आणि त्याला नवा दाबाचा काटा लावला. काटा थरथरला आणि वर चढत गेला, चढतच गेला, आणि लाल पट्ट्याच्या अलीकडे बोटभर अंतरावर थांबला. मॅडमनी नानांकडे पाहिलं नाही, नानांनी मॅडमकडे पाहिलं नाही. दोघांच्याही डोक्यात तोच हिशेब होता, की तळं काठोकाठ असतं तर काटा कुठे गेला असता. मग यंत्र नळीत शिरलं. दोन तास खरखर, पांढरा चिखल, चुना, आणि नवव्या मीटरला काहीतरी कडक. ड्रिलवाल्यांचा मुकादम कान लावून म्हणाला, "दगड नाही. गुंडाळी आहे कसलीतरी." यंत्र आणखी दोन बोटं खाली गेलं, आणि भिंतीच्या पोटातून एक उसासा आल्यासारखा आवाज झाला. मुकादमाने "मागे व्हा!" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. पाणी छताला लागलं. पिवळ्या टोप्या उडाल्या, मॅडमचा चष्मा गेला, हुंकारी गटारात बसला. त्या धारेतून जुन्या लोखंडाचा एक गंजलेला पत्रा आणि त्याला चिकटलेली चुन्याची मुठीएवढी गाठ बाहेर पडली. कधीकाळी नळीतच सुटून पडलेला तो तुकडा, आणि त्याच्यावर बावीस वर्षं चढलेला चुना. नव्या काट्याकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं. काटा खाली येत होता, सावकाश, झोप लागत चाललेल्या मुलाच्या मानेसारखा.

"हुश्श!" हुंकारी गटारातून म्हणाला. तो त्याने आयुष्यात "हं"शिवाय काढलेला पहिला शब्द होता, आणि भिजलेला अख्खा बोगदा खो खो हसत सुटला.

पाऊस गुरुवारी आला. सांगितला होता त्याच्या निम्माच आला, आणि सोडलेल्या पाण्यातलं सहा फूट परत भरलं. फूटभर कमी राहिलं म्हणून शहरात दोन दिवस ओरड झाली, मग लोक विसरले. मॅडम पुढच्या आठवड्यात कबूल केल्याप्रमाणे सवडीने आणि भरपूर चिडल्या. नानांना एकतीस वर्षांतला पहिला मेमो मिळाला आणि यापुढे प्रत्येक मापावर दोन सह्या लागतील असा हुकूम निघाला. दुसरी सही हुंकाऱ्याची. आलेखाची काच भिंतीवरून उतरली. आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी मॅडमनी बावीस वर्षांपूर्वीची वही नानांच्या पुढ्यात ठेवली, पिवळी पडलेली, कडा झुरळांनी खाल्लेली, आणि लाल पेन ठेवलं.

"दुरुस्त करा. तुमच्या हातानेच. दोन्ही तज्ज्ञ नव्याने हिशेब मांडतायत, त्यांना खरे आकडे हवेत."

उतरणीचे दिवस सोपे होते. साडेसतरा खोडून अकरा. सतरा खोडून अकरा. सोळा खोडून अकरा. वहीतला अख्खा महिना नानांनी अकरा, अकरा लिहीत काढला. प्रत्येक खोडलेल्या आकड्याखालून तो जुना, देखणा, खोटा आकडा त्यांच्याकडे बघत होता, आणि त्यांना त्याची कारागिरी अजूनही आवडत होती हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. मग पान मागे उलटलं आणि त्याआधीचे तीन दिवस आले. अठरा, अठरा, अठरा. तिसऱ्या अठराच्या शेपटीला शाई जरा फिसकटली होती. पेन चौकोनावर टेकलं आणि थांबलं. नळी कधी तुंबली? पहिल्या दिवशी? तिसऱ्या? नानांच्या डोक्यात लगेच एक दिवस तयार झाला, दुसरा, संध्याकाळी साडेपाच, पाऊस थांबल्या थांबल्या, खालून एक बारीक खट्ट असा आवाज, आणि पाण्याचा सूर बदलला. तो आवाज त्यांना ऐकूसुद्धा आला. ते तिथे नव्हते आणि त्यांना तो ऐकू आला, इतका स्वच्छ की अंगावर काटा आला. आकडेही आले, रांगेत, हात जोडून. अठरा, मग बारा, मग अकरा. किती बरोबर दिसले असते! तज्ज्ञ खूश झाले असते. मॅडमनी मान डोलावली असती. जगात कुणीही, कधीही, तपासू शकलं नसतं.

"काय झालं?" मॅडमनी पलीकडच्या टेबलावरून विचारलं.

"काही नाही," नाना म्हणाले.

त्यांनी पहिला अठरा खोडला आणि शेजारी लिहिलं, माप घेतले नाही. दुसरा खोडला आणि लिहिलं, माप घेतले नाही. तिसऱ्याला वरीलप्रमाणे म्हणून दोन टिंबं दिली असती तरी चाललं असतं. त्यांनी तिथेही पूर्ण लिहिलं, अक्षर अक्षर, शाळेतल्या मुलासारखं जीभ दातांत धरून, आणि खाली सही केली. बॉलपेनची शाई वाळवायला फुंकर लागत नाही, तरी त्यांनी वाकून फुंकर घातली.